पोरगं भाषणाला तयारच नाही: पालकांचे नेहमीचे प्रश्न

मागच्या वर्षी आमच्या सहावीतल्या चिरंजीवांना होमवर्क आलं, "तुमचं एखादं मत पटवून देणारं तीन मिनिटांचं भाषण तयार करा". हा मुलगा वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटतो, त्यामुळे घरात आठ दिवस नुसता गोंधळ. त्यानंतर बिल्डिंगमधल्या आणि शाळेच्या ग्रुपवरच्या आयांनी (आणि दोन बाबांनी) मला जे जे विचारलं ते सगळं इथे एकत्र लिहून ठेवतेय. मी शिक्षिका नाही, हे आधीच सांगते, जे घरात करून बघितलं तेवढंच आहे.

पटवून देणारं भाषण म्हणजे नक्की काय? १ ऑगस्टला करतात तसंच ना?

नाही, आणि इथेच निम्मी गडबड होते. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती, ३ जानेवारीला सावित्रीबाई, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, या सगळ्या दिवशी पोरं जे बोलतात ते माहितीचं भाषण असतं. जन्म कुठे झाला, काय कार्य केलं, जय हिंद. ऐकणाऱ्यांपैकी कोणाचा त्याला विरोध नसतो, टिळक थोर होते हे कोणाला पटवायची गरजच नाही.

पटवायचं भाषण म्हणजे समोर असा एक माणूस पाहिजे जो आत्ता "नाही" म्हणतोय, किंवा ज्याला काही फरकच पडत नाही. मी मुलाला एकच प्रश्न विचारायचे, तुझं ऐकून झाल्यावर कोणी काय करायचं किंवा काय थांबवायचं? याचं उत्तर एका वाक्यात आलं तर भाषण आहे. नाही आलं तर तो निबंध झाला, उभं राहून वाचलेला.

मुलगा "मला नाही जमणार" म्हणून विषयच काढू देत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी बघा की नको का म्हणतोय. सगळ्यांचं "नको" सारखं नसतं हो. एखाद्याला हसतील म्हणून भीती असते (बरेचदा आधी कधीतरी हसलेले असतात आणि आपल्याला माहीतच नसतं), कोणाला काय बोलायचं तेच सुचत नसतं, आणि कोणाला सरळ सरळ कंटाळा असतो. भीती वाटणाऱ्याला "अरे सोप्पं आहे" म्हटलं की तो अजून आत जातो, कारण सोपं असून आपल्याला येत नाही असं त्याला वाटतं. आणि कंटाळा आलेल्याला धीर देत बसलात तर तो तुमच्याकडे असा बघेल की बस.

समोर बसवून विचारू नका. आमच्याकडे स्कूटीवर मागे बसला की तो बोलतो, किंवा मटार सोलताना, म्हणजे डोळ्यात डोळे घालायला लागत नाहीत तेव्हा. तिथे कळलं की चौथीत एकदा कविता म्हणताना त्याचा आवाज चिरकला होता आणि मागच्या बाकावरून कोणीतरी नक्कल केली होती. दोन वर्षं पोटात ठेवून होता आणि मी आपली "तुला आत्मविश्वासच नाही" म्हणून लेक्चर देत होते.

मग मी एक केलं. शनिवारी रात्री टीव्हीसाठी त्याने माझ्याशी जो वाद घातला तो तसाच्या तसा लाइटबिलाच्या पाकिटामागे लिहून काढला. "आई, उद्या रविवार आहे, लवकर उठायचं नाहीये. अभ्यास झालाय, वही बघ हवं तर. आणि तू म्हणशील डोळे दुखतील, पण मी आज दिवसभर बघितलाच नाहीये. फक्त अर्धा तास, साडेदहाला मीच बंद करतो." हे त्याला दाखवलं आणि म्हटलं, यात मागणी आहे, कारण आहे, पुरावा आहे, माझी शंका आधीच ओळखून तिचं उत्तर आहे आणि शेवटी तडजोडपण आहे, आणि तू जिंकलास. तुला भाषण येतंच, फक्त उभं राहून केलेलं नाहीयेस. तो जरा हसला. त्या दिवशी एवढ्यावरच थांबले, पुढे ढकललं नाही.

विषय कसा निवडायचा? पर्यावरण, स्त्रीभ्रूणहत्या, "मोबाइल शाप की वरदान" असं काही घ्यावं का?

प्लीज नको. म्हणजे विषय वाईट नाहीत, पण अकरा वर्षांच्या मुलाकडे त्यावर स्वतःचं सांगण्यासारखं काही नसतं, मग तो दुसऱ्याचं बोलतो, आणि दुसऱ्याचं बोललेलं पाठ होत नाही, कितीही घोका.

लहान विषय घ्या. इतका लहान की ज्या माणसाला पटवायचंय त्याचं नाव घेता आलं पाहिजे. आमच्याने घेतला "सोसायटीत क्रिकेट खेळू द्या", आणि पटवायचं होतं सेक्रेटरी काकांना, ज्यांनी खाली "खेळण्यास सक्त मनाई" असा बोर्ड लावलेला. मैत्रिणीच्या मुलीने घेतला की डब्यात रोज पोळीभाजीच का, आठवड्यातून एक दिवस मुलांनी ठरवावं. एकाने घेतलं की पीटीचा तास परीक्षेच्या आधी गणिताला देऊ नये, हा मला फार आवडला, वर्गात टाळ्या पडल्या असणार. गावाकडे असाल तर एसटीची शाळेची वेळ, नदीवरच्या घाटावर टाकलेलं निर्माल्य, वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवणं, असे किती तरी निघतील. मुलाला "तुला कशाचा राग येतो?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. यादी निघते. आमच्या यादीत तिसऱ्या नंबरवर मी होते.

शाळेने विषय ठरवूनच दिलाय, "प्लास्टिक टाळा". आता?

मग त्याच विषयाला बारीक करा. महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी २०१८ साली आली, देशभर एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून, आणि तरी संध्याकाळी मंडईत जाऊन या, कोथिंबीर कशात मिळते बघा. म्हणजे "सरकारने बंदी घालावी" असं भाषण करून उपयोग नाही, बंदी आहेच की. मुलाने विचारावं की मग अडतंय कुठे? तर आपल्या घरात अडतंय: कापडी पिशव्या दाराच्या मागे सात लटकलेल्या असतात आणि बाबा ऑफिसातून परस्पर भाजी घेऊन येतात तेव्हा एकही बरोबर नसते. झालं भाषण! "माझ्या बाबांनी गाडीच्या डिकीत दोन कापडी पिशव्या कायम ठेवाव्यात." विषय शाळेचा, मुद्दा आपल्या घरचा, आणि वर्गातले बाकीचे चाळीस जण कासवाच्या नाकातल्या स्ट्रॉबद्दल बोलत असताना हा एकटा डिकीबद्दल बोलेल.

मुद्दे आणि आकडे कुठून आणायचे? गुगलवर शोधून द्यायचे का?

शोधून देऊ नका, मोजायला लावा. समजा विषय दप्तराचं ओझं आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलंय की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको. हा एक आकडा बाहेरचा, तो घ्यायचा. बाकीचे घरात आहेत. वजनकाट्यावर मुलाने आधी एकट्याने उभं राहायचं, मग दप्तर घेऊन, आणि वजाबाकी करायची. मुलगा ३२ किलोचा असेल तर दप्तर ३ किलो २०० ग्रॅमपर्यंत चालेल. आणि काट्यावर निघालं सव्वापाच, तर? मग दप्तर उघडायचं आणि एकेक वस्तू बाहेर काढून बघायची की सव्वापाच झालं कसं. आमच्या शेजारच्या मुलीने हे केलं तर निम्मा दोष तिचाच निघाला, दोन वर्षांपूर्वीची चित्रकलेची वही, लिटरची पाण्याची बाटली, आणि एक दगड (गारगोटी, छान होती म्हणून). तिने हे भाषणात सांगितलं! स्वतःची चूक सांगितली की बाकीच्या गोष्टींवर लोक विश्वास ठेवतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

याच विषयात अजून एक मजा आहे. २०२३-२४ ला बालभारतीच्या पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली होती, पुस्तकाचे भाग केले होते, हेतू हाच की वह्या कमी न्याव्या लागतील. पण मुलं वेगळ्या वह्या नेतच राहिली आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. हे मुलाला सांगा आणि विचारा, असं का झालं असेल? त्याच्याकडे उत्तर असतं, कारण तो ते रोज जगलाय. "कारण त्या पानांवर जागाच पुरत नव्हती, बाई वेगळी वही आणा म्हणायच्या." हा जो मुद्दा आहे ना, तो कुठल्याच वेबसाइटवर त्याच्या शब्दांत मिळणार नाही.

आमच्या क्रिकेटवाल्याने तीन दिवस गॅलरीत बसून मोजलं की संध्याकाळी पाच ते सात खाली किती गाड्या येतात जातात. एका दिवशी सहा, एका दिवशी नऊ, एका दिवशी पाच. त्या वहीतलं पान त्याने भाषणात वर करून दाखवलं.

समोरच्याची बाजू भाषणात सांगायची का? त्याने आपलं म्हणणं कमजोर नाही होत?

उलट, माझं तर मत झालंय की खरं भाषण तिथेच सुरू होतं. मुलांना वाटतं आपली कारणं जोरात सांगितली की काम झालं. पण सेक्रेटरी काका ऐकताना मनात काय म्हणणार? "अरे पण काच फुटली तर?" आणि तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत तर तुमची बाकीची दहा कारणं त्यांना ऐकूच येणार नाहीत, ते काचेपाशीच अडकलेले.

म्हणून मी त्याला म्हटलं, जा आणि विचारून ये की लोकांना नक्की त्रास काय आहे. जायला तयार नव्हता, शेवटी मित्राला घेऊन गेला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की बॉलचा प्रॉब्लेम नाही रे, दुपारी दोन ते चार मी आडवी होते तेव्हा तुम्ही बोंबलता. तळमजल्याच्या आजोबांना भीती होती की चालताना बॉल लागून पडलो तर या वयात हाड जुळत नाही. आणि ज्यांची काच फुटली होती त्यांना काचेपेक्षा राग याचा होता की सगळे पळून गेले, कोणी सॉरीपण म्हटलं नाही. बघा, घरात बसून आम्ही धरून चाललो होतो की काच हाच मुद्दा आहे.

मग भाषणात आलं: दोन ते चार खेळणार नाही, प्लास्टिकचा बॉल, अंडरआर्म, आजोबा फिरायला निघाले की बॉलिंग थांबणार, आणि काच फुटली तर जो बॅटिंग करत होता तो आणि जो बॉलिंग करत होता तो दोघं जाऊन सांगणार आणि वर्गणी काढून भरणार. वर्गणीचा मुद्दा त्याच्या मित्रांना अजिबात मान्य नव्हता, त्यावरून वेगळं भांडण झालं, म्हणजे पटवण्याची प्रॅक्टिस आधी मित्रांवरच झाली.

मोठं उदाहरण हवं असेल तर मुलांना मुक्ता साळवेबद्दल जरूर सांगा. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुलगी, वय साधारण चौदा, आणि १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ज्ञानोदयमध्ये छापून आला. त्यात ती नुसतं दुःख सांगत नाही. वेदांवर फक्त ब्राह्मणांचा हक्क असं जे म्हणत होते त्यांचंच म्हणणं ती उचलते आणि विचारते की मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही, म्हणजे आमचा धर्म कोणता? समोरच्याचंच वाक्य घेऊन त्यालाच कोड्यात टाकलं. आठवीच्या वयाची पोरगी, १७० वर्षांपूर्वी. माझ्या मुलाने हे ऐकून विचारलं, "तिला भीती नाही वाटली?" मी म्हटलं वाटली असेलच ना.

मीच लिहून दिलं आणि त्याने पाठ केलं तर काय बिघडतं? वेळ कुठे आहे?

मी केलंय हे, तिसरीत. गणेशोत्सवावर मस्त लिहून दिलं, त्यात "अनन्यसाधारण" असा शब्द टाकला, आणि स्टेजवर तो "अन्यसाधारण" म्हणाला, मग तोच अडखळला, मग पुढचं सगळं गेलं. बाईंनी घरी पाठवलेल्या वहीत काही लिहिलं नव्हतं, फक्त त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढली होती. मला कळलं ती कोणासाठी होती.

त्यामुळे आता घरात नियम असा की पेन त्याच्या हातात. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, तो बोलेल तसं, आणि मग तेच ऐकून त्याने उतरवायचं. तुम्ही फक्त प्रश्न विचारा. "म्हणजे कसं?" "मग पुढे काय झालं?" "हे सेक्रेटरी काकांना का पटेल?" एवढे तीन पुरतात. वाक्य तुटकं असलं तर असू दे, शुद्धलेखन नंतर बघता येतं, आणि ऐकणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ थोडंच दिसतंय.

वेळेचं म्हणाल तर हो, जास्त लागतो. चार-पाच संध्याकाळी, रोज वीसेक मिनिटं. लिहून देणं एका तासाचं काम आहे, मान्य, पण नंतर पाठ करून घेण्यात जी रडारड होते ती कोणी धरतच नाही.

चॅटजीपीटीकडून?

सगळे करतात, मला माहितीये. पण त्याला आपल्या सोसायटीतल्या काकू माहीत नाहीत. भाषण लिहून घेण्यापेक्षा उलटं करा, मुलाचं भाषण झाल्यावर त्याला म्हणा की तू सेक्रेटरी आहेस, यावर शंका काढ. आमच्याने हे केलं, आठ शंका आल्या, त्यातली एक (पावसाळ्यात काय करणार?) खरंच कामाची होती.

सुरुवात "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो" अशीच करायची ना?

शाळेचा आग्रह असेल तर करा, दहा सेकंद जातात, काही बिघडत नाही. पण त्यानंतर लगेच "आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती" हे काढा हो. हे वाक्य माझी आईसुद्धा शाळेत म्हणायची. शांतचित्ताने कोणी ऐकत नाही ते याच वाक्यामुळे.

पहिल्याच वाक्यात काहीतरी घडलेलं सांगावं. आमचं सुरू झालं असं: "मागच्या मंगळवारी आमच्या बिल्डिंगमध्ये एक काच फुटली आणि सहा मुलं पळून गेली, त्यातला एक मी होतो." वर्ग गप्प. आणि खरं सांगते हे वाक्य मला सुचलं नसतं, मी असते तर "खेळाचे जीवनात महत्त्व" पासून सुरू केलं असतं.

शेवटही तसाच, "एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो" च्या आधी मागणी परत एकदा सरळ सांगायची: कोणी, काय, कधीपासून.

म्हणी, सुविचार, शायरी, थोरांची वाक्यं टाकली तर मार्क मिळतात का?

एखादी चालते, मुलाला अर्थ कळत असेल तर. कोणाचं तरी नाव घेऊन नेटवर फिरणारी वाक्यं मात्र टाळा, निम्मी त्यांनी कधी म्हटलेलीच नसतात.

पाठ करायचं की बघून बोलायचं?

शब्द न शब्द पाठ केलं की एक शब्द निसटला की माळ तुटून सगळे मणी खाली. शिवाय पाठांतराला तो एक सूर लागतो, माहितीये ना, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर जाणारा, आणि हात ठरलेल्या जागी उडणारे. पटवायच्या भाषणाला तो सूर मारक आहे, कारण भांडताना किंवा हट्ट करताना कोणी त्या सुरात बोलत नाही.

आम्ही पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं पाठ केलं. मधलं सगळं पोस्टकार्डाएवढ्या एका कागदावर, फक्त शब्द: काच, मंगळवार, काकू २ ते ४, आजोबा, गाड्या ६-९-५, वर्गणी, बोर्ड. एवढंच. मध्ये प्रत्येक वेळी वाक्यं वेगळी येतात आणि येऊ द्यावीत. वेळ लावून बघा, आमचा मुलगा नीट बोलला तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांना तीनशे शब्दच लागतात, दोन फुलस्केप नव्हे. घाबरल्यावर मुलं एवढी पळतात की तीन मिनिटांचं दीड मिनिटात संपतं, म्हणून कागदावर दोन ठिकाणी "श्वास" असं लिहून ठेवलं होतं. एकदा सरावात त्याने ते मोठ्याने वाचलं. "आणि तळमजल्यावरचे आजोबा, श्वास."

सराव कोणासमोर करायचा? माझ्यासमोर बोलतच नाही.

मग तुम्ही नका बसू. आधी रिकाम्या खोलीत, मग आजी-आजोबांसमोर, मग एखाद्या मित्रासमोर. आमचे आजोबा या कामाला उत्तम निघाले कारण त्यांना ऐकू कमी येतं. "काय? मोठ्यांदा बोल!" असं ते सारखं म्हणायचे आणि आवाज आपोआप वाढला, जे मी महिनाभर सांगून झालं नव्हतं.

आरशासमोर उभं करायचं सगळे सांगतात, मला ते पटत नाही. आधीच लाजणाऱ्या मुलाला स्वतःचाच चेहरा बघत बोलायला लावायचं म्हणजे शिक्षाच. व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा मोह होईल, तोही आवरा, निदान त्याला विचारल्याशिवाय नको. आत्याने "सो क्यूट" म्हटलं की संपलं, सहावीतल्या मुलाला क्यूट व्हायचं नसतं.

आणि एका सरावात एकच सुधारणा सांगायची. हे मला सगळ्यात कठीण गेलं, कारण मला सात दिसत असतात: हात खिशात, पाय हलतोय, "म्हणजे" किती वेळा. एक सांगायची, बाकीच्या गिळायच्या.

बोलताना मध्येच विसरला तर?

विसरणार हे धरूनच चला आणि त्याची प्रॅक्टिस करा, खरंच. सरावात आम्ही मुद्दाम मध्येच टाळी वाजवायचो आणि त्याने थांबून, कागद बघून, परत सुरू करायचं. दोन-तीनदा केल्यावर तो खेळ झाला. थांबलेलं ऐकणाऱ्यांना जेवढं वाटतं त्यापेक्षा बोलणाऱ्याला कितीतरी लांब वाटतं. "सॉरी" म्हणायचं नाही, जीभ चावायची नाही, कागद बघायचा आणि पुढे जायचं.

माझी मुलगी बोलताना अडखळते, तोतरी होते. तिच्याकडून करून घेऊ का?

तिलाच विचारा, आणि बाईंशी आधी बोलून ठेवा. तिची वाक्यं आपण पूर्ण करायची नाहीत, "हळू बोल, श्वास घे" असं मधे मधे म्हणायचं नाही, तिचं संपेपर्यंत नेहमीसारखं ऐकायचं. मिनिटांची अट काढून टाका किंवा आधी रेकॉर्ड केलेलं वर्गात लावता येईल का ते विचारा, बऱ्याच बाई समजून घेतात. त्रास जास्त असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवावं, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामाची आहे, आणि मोठ्या सरकारी हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या विभागात विचारलं तर पुढचं सांगतात. होमवर्कसाठी पोरीला रडवण्यासारखं यात काही नाही.

आमचं इंग्लिश मिडियम. मराठीत भाषण द्यायचंय आणि त्याला शब्दच येत नाहीत.

२०२० च्या कायद्यानंतर सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, त्यामुळे ही वेळ बऱ्याच घरांवर येतेय. बाहेरदेशी मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांचंही असंच असतं. माझ्या भाचीने आधी सगळं तिच्या मिश्र भाषेतच बोलून टाकलं, "आमच्या बसमध्ये सीनियर्स विंडो सीट देतच नाहीत, दॅट्स सो अनफेअर", आणि मग अनफेअरला काय म्हणायचं यावर घरात पंधरा मिनिटं चर्चा. अन्यायकारक? तिला ते न्यूज चॅनलसारखं वाटलं. शेवटी "हे काही बरोबर नाही" वर ठरलं. विंडो सीट तशीच ठेवली, खिडकीची जागा म्हटलं तरी चालेल पण बसमध्ये तिला तसं म्हणताना मी कधी ऐकलं नाहीये. घरात आजीशी जसं बोलतात ती मराठी पुरते, पुस्तकी मराठीच्या मागे लागून भाषण घालवू नका.

रात्रीचे नऊ वाजलेत आणि आत्ता सांगतोय की उद्या भाषण आहे!

नमस्कार, स्वागत आहे. ओरडून घ्या आधी, पाच मिनिटं, मग पुढचं. नवीन विषय शोधू नका, आजच कशावरून तरी घरात वाद झाला असेल तोच घ्या. मागणी एक, कारणं दोन, समोरच्याची एक शंका आणि तिचं उत्तर, परत मागणी. कागदावर सहा शब्द. दोनदा मोठ्याने बोलायला लावा, दहाला झोपवा. छान होणार नाही पण उभा राहील.

तुमच्या मुलाचं काय झालं शेवटी?

दहापैकी सात. वेळ ओलांडली म्हणून एक कापला, बाकीचे दोन कशाचे ते त्याने विचारलं नाही आणि मीही नाही. आवाज एकदा चिरकला, त्याने पाणी प्यायलं आणि पुढे बोलला, हे मला त्याच्याकडून नाही, मित्राच्या आईकडून कळलं.

सोसायटीचं वेगळंच झालं. शाळेत झाल्यावर तोच कागद घेऊन तो आणि त्याचा मित्र रविवारच्या मीटिंगला गेले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनीच बाजू घेतली, म्हणाल्या पोरं विचारायला तरी आली होती. सेक्रेटरी काकांनी संध्याकाळी पाच ते सात मान्य केलं, वर्गणीचं लिहून घेतलं, बोर्ड मात्र काढला नाही, त्याखाली खडूने वेळ लिहिली. रविवार सकाळ नाही मिळाली कारण तेव्हा गाड्या धुतात. त्यावर आता दुसरा कागद चालू आहे, कुठल्या गाड्या किती वाजता धुतात ते मोजणं सुरू झालंय, मला अजून दाखवलेला नाही.